थकणारी माणसं

२ सप्टेंबर १९९६

आले एकदाची! बारामतीहून सकाळची एसटी पकडली, लासुर्ण्याच्या पुढच्या फाट्यावर उतरले, आणि तिथून बैलगाडीत ट्रंक, स्टोव्ह, गादी आणि मी असा सगळा संसार कोकरेवस्तीच्या उपकेंद्रात दाखल झाला. पुढे दवाखाना, मागे माझी खोली. भिंतींना नवा चुना आहे. नळ आहे पण त्याला पाणी नाही. ते दारातल्या हापशाला आहे. तिन्ही बाजूंनी ऊस, माझ्या दुप्पट उंच. वारा आला की थंड वाटतं. बारामतीच्या वॉर्डात वर्षानुवर्षं उभी राहून माझ्या पायांच्या शिरा वर आल्यात. आईला म्हटलं, अगं, सगळे या बदलीला शिक्षा म्हणतात, मी तर हिला विश्रांती म्हणते. चाळिशीच्या नर्सला बसायला खुर्ची मिळाली तर आणखी काय हवं?

औषधांचं लोखंडी कपाट व्हरांड्यातच पडलं होतं. बाप्यांनी खटपट केली, ते तसूभर हललं नाही. मग कुणीतरी म्हस्कूतात्यांना बोलावून आणलं. पन्नाशीचे, पोट सुटलेलं, दाढीचे खुंट, आणि सकाळी सकाळी तोंडाला वास. कपाट अंगावर पडेल असं मी सांगायच्या आत त्यांनी ते एका हाताने उचललं. दुसऱ्या हाताने पाठ खाजवत आत आले आणि कुठं ठिवू म्हणून विचारलं. मी भिंत दाखवली. कपाट ठेवून ते उंबऱ्यावर बसले, धापा टाकल्या, पाठ गेली म्हणाले आणि चोळायला मलम मागितलं.

मला हसू फुटलं. बाकी कुणी हसलं नाही आणि कुणाला नवलही वाटलं नाही.

९ सप्टेंबर

म्हस्कूतात्यांची लघवी तपासली. परीक्षानळीत रंग विटकरी आला. साखर भरपूर, पायाच्या अंगठ्याला न भरणारी जखम, आणि दारू सोडा म्हटलं की बहिरे होतात. कुशाबाई (ही दवाखान्याची झाडलोट करते आणि गावची सगळी खबर ठेवते) म्हणाली की तरुणपणी कालव्याचा दरवाजा निखळला तेव्हा माणसं येईपर्यंत यांनी तो पाठीवर पेलून धरला होता. पेपरवाले फोटो काढून गेले होते.

असे वस्तीवर तिघं आहेत. तिघंही मेंढरं राखणाऱ्या घरातले. पाट आला, मेंढरं विकली, ऊस लावला. म्हस्कूतात्यांचं बळ. सारजाबाईची हाक. आणि आबाजींचा उजवा डोळा. हा डोळा दुधासारखा पांढरा, मोतीबिंदू पार पिकलेला. मी आले त्या दिवशी त्यांनी डावा डोळा हाताने झाकून मला नीट निरखलं आणि मान डोलावून निघून गेले. मला ते जरा आगाऊपणाचं वाटलं होतं. कुशाबाई म्हणते, नव्या माणसाला ते असंच बघतात, कारण त्या डोळ्याला माणूस कुठला आणि माणसासारखं दिसणारं कुठलं हे कळतं.

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात अशी अचाट माणसं उडतात, अंगाला चिकटलेले कपडे घालतात, पोटं सपाट असतात. आमच्या तिघांपैकी एकाला साखर, एकीला गुडघे, एकाला मोतीबिंदू. शिवाय सारजाबाई आणि म्हस्कूतात्या एकमेकांशी बोलत नाहीत. तिच्या मुलीच्या लग्नात हे पिऊन आले आणि आनंदाच्या भरात आख्खा मांडव उपटून डोक्यावर घेऊन नाचले. वऱ्हाड उन्हात जेवलं. तेव्हापासून दोघं एकाच बाकावर बसतात आणि मधे बसलेल्या आबाजींच्या मार्फत भांडतात.

१४ सप्टेंबर

लसीकरण होतं. बायका पोरं घेऊन रांगेत, मी सुई भरलेली, आणि दावं तोडून एक चवताळलेला बैल थेट रांगेवर आला. सारजाबाई पायरीवर मिसरी लावत बसली होती. तिने बसल्या जागी हाक मारली. शब्द नव्हताच तो, मेंढरांना थोपवायला मारतात तसली आरोळी. बैल एक पाय उचललेला तसाच थांबला. बायका थांबल्या. पोरांचं रडणं अर्ध्यात थांबलं. माझा सुईचा हात हवेत राहिला आणि काही केल्या हलेना. मनात ओरडत होते, पण जीभ ऐकेना.

ती मात्र काठी टेकत, मालकाच्या सात पिढ्या उद्धरत, बैलापर्यंत गेली, त्याला बांधलं, आणि मग खाकरली. सगळं पुन्हा सुरू झालं. नंतर तिला पायरी चढवेना. मी हात दिला तर म्हणाली, "सरकारी गोळ्या म्हंजी निस्ता खडू हाय. सुई द्या गुडघ्याला."

संध्याकाळी स्वयंपाक करायचं त्राण नव्हतं. दूधपोळी खाल्ली आणि पडले.

२७ सप्टेंबर

आज कुशाबाई माझ्यावर खेकसली. कळंबच्या रस्त्याला लवकर लागावं म्हणून मी उसातल्या सरीतून निघाले होते. तिने पदराला धरून मागे ओढलं. बांधानं जायचं, लांब पडलं तरी बांधानं, असा इथला नियम आहे म्हणे.

मग तिने सांगितलं. पूर्वी इथे उघडा माळ होता, तेव्हाही ते होतं. पण माळावर लपणार कुठं? मेंढरं बुजायची, आबाजी बघायचे, बाकीचे दोघं निस्तरायचे. आता ऊस झाला आणि त्याला घर मिळालं. गावात त्याला नुसतं ‘उसातलं’ म्हणतात. ते ओळखीच्या आवाजात बोलावतं. आत गेलेलं माणूस काही दिवसांनी बाहेर येतं. तेच तोंड, तीच बोली, मुलाबाळांवर तीच माया. फक्त ते थकत नाही. त्याचा थकवा घरातल्यांच्या अंगात उतरतो आणि घरातली माणसं एकेक करून वाळत जातात.

मी तिला म्हटलं, कुशाबाई, तुमच्यात रक्त कमी आहे, गोळ्या घ्या. रक्त कमी असलेल्या बायका वाळतात आणि थकतात, त्याला भूत लागत नाही.

६ ऑक्टोबर

माझी आजची मर्दुमकी लिहून ठेवते. आबाजींना इंदापूरच्या मोफत नेत्रशिबिरात घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, इतका पिकलेला मोतीबिंदू बऱ्याच दिवसांनी पाहिला. ऑपरेशन छान झालं.

मला वाटलं होतं म्हातारा नाही म्हणेल. म्हातारा तरी काय, पंचावन्नचे असतील. सारजाबाईने आकांत केला, डोळा काढू नका म्हणून. म्हस्कूतात्या तर चक्क तिच्याशी बोलले, ती म्हणते ते खरं आहे म्हणाले. आबाजींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि माझ्या आधी जाऊन जीपमध्ये बसले.

परत येताना निमगाव केतकीला चहा घेतला. हिरव्या पट्टीखालून ते सारखे हसत होते. मला फार बरं वाटलं. नोकरीत असे दिवस मोजकेच येतात.

२१ ऑक्टोबर

वस्तीवरची प्रयागबाई तीन दिवसांपूर्वी उसात गेली होती. नवऱ्याने हाक मारल्यासारखं वाटलं म्हणून गेली. सगळ्यांनी शोधलं, सापडली नाही. आज सकाळी ती आपल्या पायांनी घरी आली, अंगावर ओरखडा नाही. येताच तिने चूल सारवली, धुणं धुतलं, हापशावरून सगळ्या शेजारणींचं पाणी भरलं. मी तपासलं. नाडी व्यवस्थित, डोळे स्वच्छ. बायका तिचं कौतुक करत होत्या.

आबाजी जाड भिंगाचा चष्मा लावून तिच्यासमोर उभे राहिले. डावा डोळा झाकला, उघडला, पुन्हा झाकला. मग सारजाबाईला म्हणाले, "काय कळंना गं. बाई दिसती. निस्ती बाई दिसती."

सारजाबाईने माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ ऑक्टोबर

प्रयागबाईची सासू उठत नाही. नवरा भाकरी मोडता मोडता झोपतो. रक्त तपासलं, ताप पाहिला, काही नाही. ती मात्र दिवसभर मुसळ मारतेय. तिघं तिच्या अंगणाच्या कडेला बसून असतात आणि ती टेकते का याची वाट बघतात. म्हस्कूतात्यांना बसल्या बसल्या डुलकी लागते. सारजाबाई त्यांना काठीने ढोसते. आज ती त्यांना सरळ, आबाजींना मधे न घेता म्हणाली की चूक झाली तर लेकुरवाळ्या बाईचा खून पडेल. ते म्हणाले, ठावं हाय. आणि कोपऱ्यात जाऊन ओकून आले. आज प्यायलेले नव्हते.

मी पोलीसपाटलाकडे गेले. त्याने मला पाणी दिलं आणि फाटकापर्यंत पोचवायला आला.

२५ ऑक्टोबर

भर दुपारी केलं त्यांनी. मी अडवायलाच गेले होते.

सारजाबाईने हाक मारली. प्रयागबाईचं मुसळ वर राहिलं. मीही तशीच फाटकात उभी राहिले, डोळेसुद्धा मिटता येईनात, म्हणून सगळं पाहिलं. म्हस्कूतात्यांना तिची हाक बांधत नाही, ते लंगडत गेले. लहान पोराला घ्यावं तसं त्यांनी तिला दोन्ही हातांत घेतलं. त्यांना रडू फुटलेलं होतं. त्यांनी मिठी आवळली आणि आवाज आला तो वाळल्या पाचटाचा. हातात लुगडं उरलं, आणि लुगड्यात पाचट. रक्ताचा थेंब नाही. हाड नाही.

हाक सुटली तशी मी खाली बसले. आतून सासूने पाणी मागितलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

बरोबर निघाले ते. डोळा नसतानाही बरोबर निघाले. एक लंगडा, एक पांगळी, एक आंधळाच म्हणायचा, आणि मी यांना पेशंट समजत होते. मला स्वतःची फार लाज वाटते आहे.

२८ ऑक्टोबर

आबाजींकडे गेले. पाय धरायला वाकले तर त्यांनी धरू दिले नाहीत. म्हणाले, "तुमी कशापायी रडताय? मला ठावं हुतं. बघायचा कटाळा आला हुता, बाई. सोयऱ्याधायऱ्याच्या तोंडात पाचाट दिसायचं. आता निस्तं तोंड दिसतं. ब्येस वाटतं."

 घरी येताना मी बांधाबांधाने आले.

ऊसतोड दिवाळीनंतर सुरू होईल. तोवर सांभाळायचं, मग इथे लपायला जागा राहत नाही. म्हस्कूतात्यांचा अंगठा काळा पडलाय, सारजाबाईचा आवाज बसलाय. मी रोज दोघांना ड्रेसिंग, गुळण्या, शेक. माझीही कंबर गेली आहे. पण आम्ही चौघं संध्याकाळी त्या बाकावर बसतो तेव्हा मला बरं वाटतं.

५ नोव्हेंबर

आज एक गंमत झाली. लिहिते, पण कुशाबाईला सांगणार नाही, ओरडेल.

सकाळी बांधाने येत होते. उसातून बाई कण्हत होती, बाळंतपणाच्या कळा, अगदी शेवटच्या. ‘सिस्टर, डोकं दिसतंय’ असा आवाज आला. नियम ठाऊक होता. उभी राहिले, कानात बोटं घातली. पण डोकं दिसतंय म्हटल्यावर नर्सचे पाय थांबतात का? शिरले आत. पाचट तुडवत थोडी पुढे गेले, कुणीच नव्हतं. लगेच मागे फिरले आणि बाहेर आले. एवढंच. उगाच घाबरले होते.

आल्या आल्या कपाट आवरलं. चादरी धुतल्या. कळंबपर्यंत चालत जाऊन लसींचा डबा आणला, चालतच परत आले. स्टोव्ह घासून चकाचक केला. दिवाळीला चार दिवस राहिले, आईसाठी चकल्याही तळून टाकते. इतका हुरूप कित्येक वर्षांत नव्हता.

पातेल्यातलं दूध मात्र नासलंय. सकाळचंच होतं.

६ नोव्हेंबर

कुशाबाई म्हणते आज नऊ तारीख आहे. तीन दिवस दवाखाना बंद होता, मी आईकडे गेले असेन असं सगळ्यांना वाटलं म्हणे.

तिचं काहीतरी चुकतंय, असं मी म्हटलं. रेडिओ लावला. नऊच.

मी पाचला आत गेले आणि त्याच पावली बाहेर आले. मला नीट आठवतं. सगळं आठवतं. आईच्या हातावरचा तव्याचा डाग, शाळेची प्रार्थना, आबाजींची हिरवी पट्टी. माझं सगळं माझ्याजवळ आहे. मी मीच आहे.

काल झोपले होते का? गादीवर सुरकुती नाही.

९ तारीख, दुपार

कुशाबाई झाडताना पायरीवर बसली. मग आडवी झाली. तिला घरी पोचवलं, पाठुंगळी घेऊन. वजनच लागलं नाही.

पायांच्या शिरा पाहिल्या. सपाट.

पाटलाच्या घरून फोन केला. आईच्या शेजारणीने उचलला. माझी काही खबर नाही म्हणून आई काळजीत आहे, उद्याच्या बसने फराळ घेऊन निघतेय, राहायला येतेय. म्हटलं, तिला सांगा येऊ नको. शेजारीण म्हणाली, ती ऐकते का कुणाचं?

मागे सारजाबाई उभी होती.  गुडघे चोळत होती.

१०, सकाळ

तिघं आलेत. दारात बसलेत. आबाजींनी चष्मा पुसून पुसून मला पाहिलं. मान हलवली. त्यांना नुसतं माझं तोंड दिसतं. तो डोळा असता तर एका क्षणात कळलं असतं. मला सुटका मिळाली असती किंवा —

तो डोळा मीच —

सारजाबाईने जातं आणि ज्वारी आणवली. दळत बसले. टोपलं संपलं. दुसरं आणलं, तेही संपलं. माझ्याकडे बघून म्हस्कूतात्यांना घाम आला. मला नाही.

सारजाबाई रडतेय. पदर तोंडात धरून म्हणते, "दम लागू दे गं बाई तुला. वाईच तरी दम लागू दे."

मग आबाजींना सुचलं. लिही म्हणाले. लिहिताना तरी हात दुखंल. म्हणून लिहितेय. तेव्हापासून लिहितेय. वहीची मागची पानं सगळी भरली, आईचं नाव, माझं नाव, औषधांची नावं. अक्षर पहिल्या पानासारखंच आहे.

दुपार झाली

म्हस्कूतात्यांनी अंगठ्याची पट्टी सोडून पुन्हा बांधली. मी बांधायला गेले तर पाय मागे घेतला. नंतर पुढे केला. बांधली मी. त्यांना लगेच जांभई आली. आम्ही दोघांनी ते पाहिलं.

खरी मी कुठे असेल? उसात बसली असेल का? तिचे पाय दुखत असतील. तिला वाटत असेल कुणीतरी येईल —

यांना कसं जमतं हे? इतकी वर्षं? दुखत्या अंगाने येतात आणि —

सारजाबाईने विचारलं. हात दुखतो का, सिस्टर? फक्त व्हय म्हणा. खोटं असलं तरी चालंल असं तिच्या तोंडावर होतं. तिघांच्याही. मी व्हय म्हटलं तर हे घरी जातील. हे थकलेत. यांना मला सोडायचंच आहे.

मी पेन दाबून धरलं. बोटं पिळली. दुखावं म्हणून हात भिंतीवर आपटला. चुना पडला.

फाट्यावर बसचा हॉर्न

आई उतरली. बांधावरून येतेय. डोक्यावर डबा, हातात पिशवी. किती हळू चालते. थांबली. कमरेवर हात. पुन्हा चालली. मला पाहिलं तिने, हात केला —

मला पळत जाऊन पिशवी घ्यावीशी वाटतेय. तिच्या कुशीत —

नाही. सांगितलं मी त्यांना. सारजाबाई, हात नाही दुखत. अजिबात नाही. ती फाटकात यायच्या आत —

म्हस्कूतात्या उठले. आबाजी आईला आडवे गेलेत, तिला वाटेतच थांबवून बोलण्यात गुंतवतायत. सारजाबाई काठी टेकून उभी राहिली. घसा खाकरला. मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय. तात्या, डोळे मिटा तुमचे, आणि लव